दुसऱ्या राज्यातला कायदा आपल्या दारात यायला किती दिवस लागतात?

शेवंती_कोथरूड | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला धागा आज काढते आहे.

माझा धाकटा भाऊ पुण्यात दुचाकीवरून जेवण पोचवायचं काम करतो. २०२३ च्या जुलैत एके दिवशी सकाळी त्याचं अ‍ॅपवरचं खातं बंद झालेलं होतं. कारण सांगितलेलं नाही, विचारायला समोर माणूस नाही. नऊ दिवस तो घरी बसून होता. त्याच आठवड्यात पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी वाचली की २४ जुलैला राजस्थान विधानसभेने अशा कामगारांसाठी कायदा मंजूर केला. कामगारांची नोंदणी, त्यांच्यासाठी मंडळ, आणि प्रत्येक व्यवहारामागे कंपनीकडून कल्याण शुल्क. देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा, आणि बातमी चार ओळींची!

तेव्हापासून मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला, मे २०२५ मध्ये अध्यादेश काढला आणि ऑगस्टच्या अधिवेशनात कायदा केला. कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के शुल्क, आणि कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. बिहार आणि झारखंडनेही २०२५ च्या पावसाळी अधिवेशनांत विधेयकं मंजूर केली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अजून नाही.

माझं म्हणणं असं की कायदे राज्याराज्यांतून प्रवास करतात. शेजारच्या विधानसभेत आज काय मांडलं गेलं ते पाहिलं, तर वर्षा-दोन वर्षांनी आपल्या दारात काय येणार याचा अंदाज बांधता येतो. पण २८ राज्यं, शिवाय दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर, म्हणजे ३१ विधानसभा. नोकरी सांभाळून हे एकट्या माणसाला कसं जमावं? तुमच्यापैकी कोणी असं काही पाहतं का? कसं पाहता?

आता अर्थसंकल्पी अधिवेशनं तोंडावर आली आहेत म्हणून मुद्दाम आज विचारते.

----

चिंचेचा_कोळ | रविवार, रात्री ९.२५

उत्तम धागा. रुमाल टाकून ठेवतो.

----

बोरू_आणि_दौत | रविवार, रात्री १०.४०

शेवंतीताई, मी एका विधानमंडळात प्रतिवेदक होतो, आता निवृत्त आहे. सभागृहात दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांमध्ये बसून लघुलेखन करायचं, बाहेर येऊन उतरवून काढायचं, की पुन्हा आत. असुधारित प्रत म्हणून जे छापलं जातं, ते आमच्या हातचं. त्यामुळे दोन गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली. विधेयक पहिल्या पानापासून वाचू नका, शेवटून वाचा. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. सरकारला हा कायदा का हवा आहे ते तिथे साध्या भाषेत दिलेलं असतं, आणि अनेकदा 'अमुक राज्याच्या धर्तीवर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या प्रवासाचा माग तिथेच लागेल. त्यानंतर वित्तीय ज्ञापन पाहा. तिजोरीवर किती भार येणार, ते तिथे. मग अधिकार सोपवण्याबाबतचं ज्ञापन. कोणत्या गोष्टी कायद्यात न लिहिता पुढे नियमांनी ठरवायच्या ठेवल्या आहेत, ते तिथे कळतं. ही तीन पानं नीट वाचली की बाकीचं विधेयक अर्धं समजलंच.

दुसरी. गोंधळाच्या बातम्या वाचून अधिवेशनात काही झालंच नाही, असं समजू नका. माझ्या पाळीत घोषणाबाजी चालू असताना पाच-पाच विधेयकं मंजूर झालेली मी लिहून घेतली आहेत. 'विधेयक संमत झाले' हे वाक्य लिहायला लघुलेखकाला एक सेकंद लागतो.

----

माड_पोफळी | रविवार, रात्री ११.०५

बोरूकाका, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. आम्हा गोंयकारांना ३० जुलै २०२१ आठवते. भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक. तीस वर्षं गोव्यात राहिलेल्याला भूमिपुत्र म्हणायचं आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी बांधलेल्या घराखालची जमीन, २५० चौरस मीटरपर्यंत, त्याच्या नावावर करून द्यायची. विरोधक बाहेर पडले आणि अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी विधेयक मंजूर झालं. लोकांना कळलं ते नंतर. मग गावोगावी इतका विरोध झाला की आधी 'भूमिपुत्र' हा शब्द काढायची घोषणा झाली आणि विधेयक पुढे गेलंच नाही.

आमचं सभागृह चाळीस जणांचं, राज्य लहान, म्हणून आरडाओरडा ऐकू गेला. मोठ्या राज्यात हेच झालं असतं तर?

एक चांगली गोष्टही सांगते. पर्वरीला, म्हणजे आमच्या विधानसभेत, आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं संकेतस्थळावर मिळतात. आमच्याकडे 'एलएक्यू' (विधानसभेतला प्रश्न) हा शब्द पंचायतीच्या ग्रामसभेतही वापरतात. गावात बेकायदा डोंगरकापणी झाली, की कोणीतरी एलएक्यूच्या उत्तराची प्रत घेऊन उभा राहतो. सरकारच्या मनात काय चाललंय, ते विधेयकाच्या आधी प्रश्नोत्तरांत दिसतं. शेवंती, तुझ्या वहीत प्रश्नोत्तरांसाठी एक रकाना वाढव.

----

सिलिकॉन_सातारकर | सोमवार, सकाळी ६.५०

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे विधेयक मांडल्यापासून ३० दिवस समितीसमोर घेत नाहीत. आणि २०१६ च्या सार्वमतानंतर असा नियम झाला की अंतिम मतदानाआधी विधेयकाचा मजकूर ७२ तास लोकांसमोर छापील आणि ऑनलाइन असलाच पाहिजे. काय खोडलं, काय घातलं, ते वेगळ्या अक्षरांत दिसतं.

२०२३ मध्ये जातिभेदाविरुद्धचं 'एसबी ४०३' विधेयक आलं तेव्हा आम्ही मराठी मंडळी दर पंधरवड्याला मसुदा काढून वाचायचो. आमच्यात बाजूने बोलणारेही होते आणि विरोधातलेही. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. पण कुठल्या आठवड्यात कोणता शब्द बदलला ते प्रत्येकाला ठाऊक होतं. भांडणसुद्धा मजकूर समोर ठेवून झालं. आपल्याकडे हे का नसावं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

----

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, सकाळी ८.१५

संकेतस्थळं पाहा, पण बाप्पा, डिसेंबरात एकदा नागपूरला येऊन जा! यशवंत स्टेडियमपासून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत दिवसभर उभं राहा. आशाताई, अंगणवाडीसेविका, कंत्राटी कर्मचारी, विनाअनुदानित शिक्षक, धनगर, हलबा, सगळ्यांचे मोर्चे तिथे थांबतात. त्यांच्या हातातले फलक वाचले, की पुढच्या तीन वर्षांत कोणत्या मागण्या सभागृहात येणार, ते समजतं.

जुन्या पेन्शनचं तसंच झालं. राजस्थानने फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात ती परत आणायची घोषणा केली. त्यामागून छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि २०२३ च्या जानेवारीत हिमाचल. आमच्या टी-पॉइंटवर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' हे त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकू येत होतं. १४ मार्च २०२३ ला कर्मचारी संपावर गेले तेव्हा मुंबईच्या लोकांना नवल वाटलं, आम्हाला नाही वाटलं. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तीही त्या सात दिवसांत बाहेर होती.

----

चिंचेचा_कोळ | सोमवार, सकाळी ८.४०

ठेचाभाऊ, नागपूरला यायचं तर सोबत हुरडा हवा, एवढी एक लक्षवेधी सूचना मांडतो.

----

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, सकाळी ८.४४

मंजूर! संत्र्याची बर्फी पुरवणी मागण्यांमध्ये.

----

कडेलोट | सोमवार, दुपारी १२.३०

मी थोडा विरोधी सूर लावतो. वही ठेवणं चांगलंच, पण विधानसभेत मंजूर झालं म्हणजे कायदा झाला, असं नसतं. मी वकील आहे, रोज पाहतो.

महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं 'शक्ती' विधेयक आठवा. आंध्र प्रदेशाने डिसेंबर २०१९ मध्ये 'दिशा' विधेयक मंजूर केलं, आपण त्या धर्तीवर समिती नेमून, चर्चा करून डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' मंजूर केलं. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, केंद्राच्या कायद्यांशी विसंगत तरतुदी, म्हणून राष्ट्रपतींची संमती लागणार होती. ती ना त्यांना मिळाली, ना आपल्याला. पहिल्या राज्याचं विधेयक अडकलेलं असताना आपण त्याच वाटेने गेलो. ताईंच्या भाषेत सांगायचं तर कायद्याबरोबर त्याचा दोषही प्रवास करून आला.

हरियाणाचं पाहा. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के आरक्षण, महिना ३० हजारांपर्यंतच्या पगाराच्या जागांसाठी. आंध्राने २०१९ मध्ये असा कायदा केला होता, हरियाणाचा जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द केला. तरीही जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने तशाच विधेयकाला मान्यता दिली आणि दोन दिवसांत थांबवलं.

शिवाय राज्यपाल. घटनेच्या अनुच्छेद २०० खाली त्यांनी विधेयक किती दिवस ठेवायचं, यावर एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या दहा विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा कालमर्यादा घालणारा निकाल आला. नंतर २० नोव्हेंबर २०२५ च्या मतात घटनापीठाने म्हटलं, की न्यायालय राज्यपालांना कालमर्यादा घालून देऊ शकत नाही. म्हणून वहीत 'मांडलं' आणि 'मंजूर' एवढे दोन रकाने पुरत नाहीत. संमती, राजपत्र, अंमल सुरू झाल्याची अधिसूचना आणि नियम, हे चार आणखी हवेत. माझ्या पक्षकारांचं नशीब बहुतेक वेळा शेवटच्या रकान्यात अडकलेलं असतं.

----

शेवंती_कोथरूड | सोमवार, दुपारी १.०५

कडेलोट, हा विरोध नव्हे, ही मदत आहे. जेवणाच्या सुट्टीत चार रकाने आखलेसुद्धा. अ‍ॅपवरच्या कामगारांचीही तरतूद असलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेचं तेच झालं ना! संसदेने २०२० मध्ये केली, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. भाऊ मला दर दिवाळीला विचारायचा, "ताई, तो कायदा आला का गं?" आणि मी म्हणायचे, "झालाय, पण आला नाही."

----

माथाडीपुत्र | सोमवार, रात्री ८.२०

शेवंतीताई, तुम्ही राजस्थानपासून सुरुवात केलीत. मी तुम्हाला मागे नेतो, १९६९ मध्ये आणि मशीद बंदरला.

माझे वडील साताऱ्याहून मुंबईला आले आणि पन्नास वर्षं पाठीवर पोती वाहिली. आज ह्या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालक कोण, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल कामगारांचा कायदा केला. कल्पना अगदी सोपी. मालक बदलत राहू दे, कामगाराची नोंद मंडळाकडे. माल उतरवणाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि वर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन त्याच पैशांतून झालं. माझं कॉलेजही.

आता राजस्थानचा कायदा वाचा. नोंदणी, मंडळ, प्रत्येक व्यवहारामागे शुल्क. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ही आमचीच लेव्ही की रं." पोत्याच्या जागी जेवणाची पिशवी आली, एवढंच.

म्हणून माझा आग्रह आहे की महाराष्ट्र मागे आहे, असं लिहू नका. मूळ बी इथलं आहे. ते जयपूर-बंगळूरला उगवलं, आता परत इथे लावायला पाहिजे. आमदाराला पत्र लिहाल तेव्हा कर्नाटकाच्या आधी १९६९ चा उल्लेख करा.

----

शेवंती_कोथरूड | सोमवार, रात्री ८.५०

माथाडीपुत्र, तुमचा प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवला. तुमच्या वडिलांना आम्हा दोघांचा नमस्कार सांगा.

----

गणित_मास्तर | सोमवार, रात्री ९.३०

रोजगार हमीही तशीच! वि. स. पागे यांची कल्पना, १९६५ च्या सुमारास तासगाव भागात केलेला प्रयोग, १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा, त्याच्या खर्चासाठी लावलेला व्यवसाय कर, आणि मग २००५ चा देशाचा कायदा. माहितीचा अधिकारही आधी तमिळनाडू आणि गोव्यात १९९७ मध्ये, मग राजस्थान, कर्नाटक, दिल्ली, महाराष्ट्र, आणि शेवटी २००५ मध्ये संसद. संसदेआधी राज्यं शिकतात, हे शाळेत शिकवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मी नववीला राज्यशास्त्रही शिकवतो, पुढच्या आठवड्यात हा धडा घेणार.

----

दिवा_आणि_वात | सोमवार, रात्री १०.१०

कायदा एका राज्यातून दुसरीकडे जातो, पण प्रत्येक ठिकाणी त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. मी साताऱ्याची. विवेकवादी चळवळीत कॉलेजपासून आहे.

चेटकीण ठरवून बायकांना मारण्याविरुद्ध बिहारने १९९९ मध्ये कायदा केला. झारखंडने तोच पुढे घेतला, छत्तीसगडने २००५ मध्ये टोनहीचा केला, नंतर ओडिशा, राजस्थान, आसाम. आपला जादूटोणाविरोधी कायदा मात्र वर्षानुवर्षं सभागृहाच्या पायरीवर ताटकळला. प्रत्येक अधिवेशनाच्या आधी आम्ही कार्यक्रमपत्रिका पाहायचो, विधेयक यादीत आहे का. असलं, तर चर्चेला येतं का. अधिवेशन संपायचं आणि आम्ही पुढच्याची तारीख लिहून ठेवायचो. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चारच दिवसांत अध्यादेश निघाला. डिसेंबरात नागपूरला कायदा झाला. त्या दिवशी गॅलरीत बसलेल्या आमच्यातल्या कोणालाही टाळी वाजवावीशी वाटली नाही.

कर्नाटकाने २०१७ मध्ये केला, गुजरातने २०२४ मध्ये. तिथल्या विधेयकांतल्या अनुसूच्या वाचताना आम्हाला ओळखीच्या ओळी भेटतात. नुसती तारीख लिहू नका. ती तारीख कोणामुळे आली, तेही लिहा.

----

कडेलोट | सोमवार, रात्री १०.२५

ताई, नमस्कार. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

----

डेक्कनचा_डाव | मंगळवार, सकाळी ७.३०

अध्यादेशाचा विषय निघाला म्हणून. शेवंतीने विचारलंय ना, एकट्या माणसाला हे कसं जमावं? आपल्या पुण्यातच एकाने करून दाखवलं आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. डी. सी. वाधवा. बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की तिथलं सरकार विधेयक आणतच नाही. अध्यादेश काढायचा, मुदत संपली की तोच पुन्हा काढायचा. त्यांनी राजपत्रं एकामागून एक तपासली. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश असे जिवंत ठेवले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत! १९८३ मध्ये पुस्तक काढलं, सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर १९८६ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही पद्धत घटनेशी कपट असल्याचं सांगितलं. वाधवांना दहा हजार रुपये खर्चापोटी देण्याचा आदेशही दिला.

संगणक नाही, इंटरनेट नाही. पुण्यात बसून पाटण्याची राजपत्रं. तुझ्या दोनशे पानी वहीला कमी लेखू नकोस.

----

सीमेवरचा | मंगळवार, सकाळी ९.४५

बेळगावहून लिहितोय. आमच्याकडे डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकाचं अधिवेशन असतं आणि पहिल्याच दिवशी मराठी भाषकांचा महामेळावा जाहीर होतो. बहुतेक वेळा परवानगी नाकारतात. तेव्हा आमच्या घरात अधिवेशन हा शब्द लहान मुलालाही ठाऊक.

एक अडचण सांगतो. कर्नाटकाची विधेयकं कन्नडमध्ये आधी मिळतात, इंग्रजी अनुवाद कधी लगेच, कधी उशिरा. मला दोन्ही वाचता येतात. गिग, म्हणजे अ‍ॅपवरच्या, कामगारांच्या कायद्याचे नियम निघाले की मी सारांश मराठीत करून इथे टाकेन. शब्द दिला.

----

नर्मदाकाठ | मंगळवार, सकाळी १०.३०

पण हल्लीचं सगळ्यात मोठं धोरण विधेयकातून आलंच नाही! बंगालचं लक्ष्मी भांडार २०२१, मध्य प्रदेशची लाडली बहना २०२३, कर्नाटकाची गृहलक्ष्मी, तमिळनाडूची मगळिर उरिमै, आपली लाडकी बहीण २०२४. आपल्याकडे ती २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात आली, वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली. पुढच्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी. मी इंदूरला असते, माझी जाऊ जळगावला. दोघींच्या खात्यात पैसे येतात आणि फोनवर आम्ही हप्त्यांची तुलना करतो.

सांगायचं असं की फक्त विधेयकं पाहाल तर हे निसटेल. अर्थसंकल्पीय भाषण आणि पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च, वाचायला हव्यात.

----

बोरू_आणि_दौत | मंगळवार, सकाळी ११.१५

नर्मदाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. पुरवणी मागण्यांची पुस्तिका हे सरकारचं खरं रोजचं मन. मी नवीन मुलांना नेहमी तीच वाचायला सांगायचो.

आणि सातारकरांच्या हळहळीबद्दल. आपल्याकडे चांगले पायंडे आहेत, ते देशभर पोचलेले नाहीत इतकंच. केरळात विधेयकं विषय समित्यांकडे जातात. आपल्याकडेही विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा लोकांनी १२ हजारांहून अधिक सूचना पाठवल्या. त्या विधेयकाबद्दल कोणाचं मत काहीही असो, एवढ्या लोकांनी मसुदा उघडून वाचला हे मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. संधी मिळाली तर लोक वाचतात. अडचण दिवसांची आहे. २०२४ मध्ये देशातल्या विधानसभा सरासरी जेमतेम वीस दिवस बसल्या. वीस दिवसांत वाचायचं कधी आणि बोलायचं कधी?

----

अभ्यासिका_बाकडा | मंगळवार, दुपारी ३.००

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, सदाशिव पेठेत. पेपरफुटीचे कायदे मी पाहते, कारण दोनदा माझी परीक्षा पुढे गेली आहे. राजस्थान २०२२, उत्तराखंड आणि गुजरात २०२३, केंद्राचा जून २०२४ पासून लागू, मग बिहार, उत्तर प्रदेश. महाराष्ट्रातही जुलै २०२४ मध्ये विधेयक मांडलं गेलं. माझ्याकडे तक्ता तयार आहे. राजस्थान आणि उत्तर प्रदेश मी घेते, हिंदी येतं.

----

शेवंती_कोथरूड | मंगळवार, रात्री ९.००

'घेते' हा शब्द वाचला आणि मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं. एकटीने ३१ विधानसभा पाहायच्याच नाहीत!

आतापर्यंतची वाटणी लिहिते. महाराष्ट्र माझ्याकडे, विधेयकं वाचताना अडले तर बोरूकाका. गोवा माड_पोफळी. कर्नाटक सीमेवरचा. राजस्थान, उत्तर प्रदेश अभ्यासिका. मध्य प्रदेश नर्मदाकाठ. संमती आणि नियमांचे रकाने कडेलोट तपासतील का? प्रत्येकाने अधिवेशन संपल्यावर आठ दिवसांत इथे लिहायचं. कोणतं विधेयक, कधी मांडलं, किती दिवसांत मंजूर झालं, आधी कुठल्या राज्यात होतं.

----

कडेलोट | मंगळवार, रात्री ९.२०

तपासतो. न्यायालयाच्या सुट्टीत मागची दोन वर्षंही भरून देईन.

----

माथाडीपुत्र | मंगळवार, रात्री ९.३५

तेलंगणा माझ्याकडे. बायको सोलापूरची, माहेरी तेलुगू बोलतात. ती वाचेल, मी लिहीन.

----

गणित_मास्तर | मंगळवार, रात्री ९.५०

गुजरातसाठी आमच्या नंदुरबारात माणसं मिळतील, उद्या विचारतो.

----

शेवंती_कोथरूड | मंगळवार, रात्री १०.०५

बिहार अजून रिकामं आहे. वाधवांनी चाळलेलं राज्य आहे हो, असं कसं सोडायचं?

----

डेक्कनचा_डाव | मंगळवार, रात्री १०.१२

माझ्याकडे द्या.